एक लेकरू, एक पिशवी

खोली भाड्यानं द्यायची म्हटलं की घरमालक साधारण विचारतात, माणसं किती, पाहुणे फार येतात का, मटण-मच्छी चालते का. आमच्या घरमालकानं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, पळताना तुम्ही किती उचलू शकता?"

हसनाबादजवळच्या एका खेड्यात मी शाळेवर नुकतीच हजर झाले होते. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दहा वर्षं होत आली होती. नवरा भोकरदनला नोकरीला, तो रविवारपुरता यायचा. कडेवर दोन वर्षांची लेक, हातात एक पिशवी, एसटीच्या धक्क्यांनी अंग आंबलेलं, आणि वर हा प्रश्न. मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो. गावाचंही तेच मत होतं, हे दोन दिवसांत कळलं.

"एक लेकरू," मी म्हटलं. "आणि ही पिशवी."

त्यांनी पिशवी एकदा हातानं जोखून पाहिली. मग आत गेले. आत बायकोशी काहीतरी कुजबुज झाली, तिचा आवाज थोडा चढला. बाहेर येऊन म्हणाले, "बराबर. मंग बाकीचं सामान तुमचं न्हाईच, असं समजून राहा. खोली झाडून ठेवली हाये."

गाव त्यांना मुकादम म्हणे, मी काका म्हणू लागले. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. तो दुष्काळी कामावर बांधला गेला, त्या कामावर ते मुकादम होते. दुष्काळ संपला, काम संपलं, मुकादमकी तेवढी नावाला चिकटून राहिली. आपण स्वतः उभ्यानं बांधून घेतलेल्या बांधाखाली राहणारा माणूस खरं तर निर्धास्त हवा. यांचं सगळंच उलटं.

मृग लागला की काकांचं बसणं बंद होई. मी वाढवून सांगत नाही. मृगापासून दसऱ्यापर्यंत हा माणूस कुठं टेकलेला मी पाहिला नाही. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, माझ्याशी बोलणं दाराच्या चौकटीला खांदा लावून. "बसा हो काका," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बसलेल्या माणसाला उठायला येळ लागतो."

रोज सकाळी ते काचेचा एक पेला घेऊन तलावावर जात. बांधाच्या पायथ्याशी एक चारी होती, बांधातून झिरपलेलं पाणी तिच्यातून ओढ्याला मिळे. ते पाणी पेल्यात भरून, वर तळहात झाकून घरी आणत आणि खिडकीशी उन्हाला धरत. नितळ दिसलं की पेला खिडकीत पालथा आणि काका शेताकडे. पहिल्याच आठवड्यात मी भीत भीत विचारलं, पाणी झिरपतं म्हणजे बांध फुटणार का? तर म्हणाले, "बांधाला घाम आला तर भ्यायचं न्हाई, बाई. घामात माती आली तर थांबायचं न्हाई." नितळ पाणी झिरपणारच, ते गढूळ आलं की समजायचं, पाणी आतून माती खात निघालंय. हे त्यांना कामावरच्या ओव्हरसियरनं शिकवलं होतं.

घरोघरी त्यांचा उपद्रव होता. लोक रेशनकार्ड, सातबारा ट्रंकेच्या तळाशी ठेवतात, वर लुगडी, त्यावर गोधड्या. काका म्हणत, तळातलं पाण्यालाच सापडतं. खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी घ्यायची, त्यात कागद घालून तोंड आवळायचं आणि दाराशेजारी डोक्याच्या उंचीवर खुंटीला टांगायचं. माझं डी.एड.चं प्रमाणपत्र, नेमणुकीचा कागद आणि लग्नातला एकुलता एक फोटो त्यांनी समोर उभं राहून पिशवीत घालायला लावला. जनावरांची दावी एका हिसक्यात सुटतील अशी बांधायची, ही आणखी एक शिकवण. ती गाठ त्यांनी गोठ्यागोठ्यात जाऊन शिकवली, आणि पहिल्याच महिन्यात निम्म्या गावाच्या म्हशी सुटून एकमेकांच्या ज्वारीत शिरल्या. शिव्या अर्थातच काकांना पडल्या.

पळायचं कुठं, यावरही कुरबुर होती. गाव ओढ्याच्या काठानं खोलगटात. मारुतीचं देऊळही खालीच. उंच जागा एकच, गावामागचा माळ, आणि तिथं गायरानात बौद्ध वस्तीची घरं. काका बजावत, "देवळात शिरायचं बिलकुल न्हाई. माळावर जायचं." गावातल्या काही जणांना ही गोष्ट पाण्याहून अवघड वाटे. वस्तीतल्या गयाबाई बहात्तर साली काकांच्या हाताखाली मातीच्या पाट्या वाहिलेल्या. बाई तोंडाच्या फटकळ. त्या म्हणत, "या की. एरवी आमचा चहा चालत न्हाई तुमच्या गावाला. भिजून आल्यावर चालंल."

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकांचं सगळं येडेपण फिरून फिरून त्यांच्यापाशी येत होतं. काकूंचे पाय गेलेले होते. बैलगाडीतून पडण्याचं निमित्त झालं आणि कमरेखालचं अंग राहिलं ते राहिलंच. अंगानं भारदस्त, हसायला मोकळ्या. दिवसभर दाराजवळ बाजेवर बसून धान्य निवडायच्या आणि मी शाळेत असले की माझ्या लेकीला सांभाळायच्या. मला म्हणायच्या, "पावसाळ्यात ह्यांना मी वझं वाटते पोरी. उन्हाळ्यात बायको." हे त्या हसून म्हणत, आणि काका तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

सगळं गाव पळू शकत होतं, काकू पळू शकत नव्हत्या. म्हणून काकांनी बाजेसाठी चार धडधाकट माणसं नेमली. सरावाचा दिवस ठरला. चौघांनी काकूंसकट बाज खांद्यावर घेतली मात्र, काकू जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "उतरा! खाली ठेवा मला! जित्या बाईला चौघं खांदा देऊन राह्यले? गावातून चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार हाये." चौघांनी विस्तव हाताला लागावा तशी बाज टेकवली. त्यातला एक जण तर घरी जाऊन आंघोळ करून आला म्हणे. त्यानंतर कुणी काकूंना हात लावेना आणि काकूही लावू देईनात. मग काका बाजेवर ज्वारीचं पोतं ठेवून सराव घेत. पोतं दर वेळी वेळेत माळावर पोचे. पोत्याला मन नसतं.

मला त्यांचा राग यायचा, तोही सांगते. भीती पसरते. वर्गात पाढे म्हणून घेताना माझा एक कान पत्र्यावरच्या पावसाकडे असे. लेकीला भरवताना नजर खुंटीवरच्या पिशवीकडे जाई. नवऱ्याला म्हटलं, दुसरी खोली बघू. त्यानं बघितली नाही आणि खरं सांगायचं तर मीही मागे लागले नाही. लेकरू सांभाळायला काकूंसारखी माणसं मिळत नाहीत.

एका उन्हाळ्यात, तलावात चिखलसुद्धा उरला नव्हता तेव्हा, काका ओट्यावर चक्क मांडी घालून बसलेले होते. उन्हाळ्यात ते बसत. मी विचारलं, "काका, बांध तुम्हीच बांधलात. मग एवढी धास्ती कशाची?"

त्यांनी हातातली काडी मोडली. मग म्हणाले, "त्या बांधाच्या पोटात बाभळीचा बुंधा हाये, बाई. डाव्या अंगाला. माती टाकायच्या आधी झाडमूळ सगळं खांदून काढायचं, असा नियम. हा निघंना. वैशाखातली दुपार. ओव्हरसियर जेवायला गेल्ता. बाया उन्हानं पडून राह्यल्या. गयाबाईला झीट आल्ती, पोटुशी होती ती. मी म्हणलं, राहू द्या, बसा सावलीला. उन्हं उतरल्यावर बुंध्यावरूनच माती टाकली."

"मग?"

"मंग काय. लाकूड हाये. दहा-बारा वर्षांत कुजतं. कुजलं की पोकळी. पाण्याला तेवढीच वाट पायजे असती."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. लिहून दिलं. साहेब बांधावर फिरून आले, म्हणले, चांगला उभा हाये की, तुम्ही कशाला भेता?" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बायांना सावलीला बसवलं, ते चुकलं का बाई माझं?"

मी ओट्यावरचे काडीचे तुकडे गोळा करू लागले. 

त्या पावसाळ्यात पोळ्याचा घोळ झाला. वेशीत बैल सजून उभे होते. झुली, बाशिंगं, वाजंत्री, घराघरात पुरणाचा वास. मानाचा बैल पाटलांचा, तो सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात शाळेची घंटा घणघणली. घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, त्याचा आवाज शिवारभर जाई. काका त्या दिवशी तलावावर उशिरा गेले होते आणि पेला गढूळ निघाला होता. पळा पळा झाली. गाव माळावर धावलं, सजवलेले बैल धावले, मानाचा बैल सगळ्यांच्या मागे राहिला आणि पुरणपोळ्या कुत्र्यांनी खाल्ल्या. दोन तास सगळे माळावर उभे. बांध जसाच्या तसा. शेवटी एक जण डोकं खाजवत म्हणाला, "सकाळी आम्ही त्या चारीतच बैल धुतले की."

पोळ्याच्या सकाळी बैल धुतात, हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. काकांना पेल्यापुढे तेवढं आठवलं नाही. गाव आधी हसलं आणि मग चिडलं. पाटील त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावून सुनावलं, "तुमच्या घरमालकाला सांगा, शाळेची घंटा काही त्यांच्या घरची नाही." जणू मीच वाजवली होती. मी तणतणत घरी आले. रागात मी जे केलं ते करायला नको होतं. लेकीला काकांपुढे उभं केलं आणि म्हटलं, "काका, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, पुन्हा त्या घंटेला हात लावणार नाही." काकू म्हणाल्या, "अगं पोरी, राहू दे." काकांनी मात्र ठेवला हात. म्हणाले, "न्हाई लावणार."

घंटा सुटली, पेला सुटला नाही.

पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. सांडव्यावरून पाणी पडून ओढा भरून वाहत होता. चौथ्या दिवशी दुपारी मी तिसरीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होते. दारात काका दिसले, डोक्यावर पोत्याची खोळ, एक हात दुसऱ्या हातावर झाकलेला. मी हातानंच थांबा म्हटलं. ते थांबले. मला वाटलं, काकूंचा काही निरोप असेल. मी उरलेली वाक्यं घातली, पाट्या पालथ्या घालायला लावल्या, दोन पाट्या तपासल्या. दहा मिनिटं तरी गेली असतील. ते तसेच उभे. घंटा त्यांच्या हाताच्या अंतरावर होती.

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी पेला माझ्या हातात दिला. आतलं पाणी चहासारखं होतं.

"बैल धुतले असतील कुणीतरी," मी म्हटलं. खरंच, असं मी म्हटलं.

"ह्या पावसात कोण बैल धुतंय, बाई?" ते म्हणाले. "मी वाजवली न्हाई. शपथ हाये."

मी पेला खाली ठेवला आणि घंटेची हातोडी उचलली. हेडमास्तर धावत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. "पोरांना मी माळावर घेतो," म्हणाले. "तुम्ही लेकीकडे पळा."

खालच्या गल्लीत लोक दारात येऊन बघत होते. कुणीतरी ओरडलं, "आज पुन्हा पोळा हाये का?" पण आज घंटा बाईंनी वाजवली होती, आणि बाईंचा चेहरा त्यांनी पाहिला असावा. गोठ्यांतून दावी एकेका हिसक्यात सुटू लागली. बाजेसाठी नेमलेले चौघं आपापल्या घरी पळाले. मी त्यांना दोष देत नाही, प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी होतंच.

घरात शिरले तेव्हा ओढ्याचं पाणी अंगणात आलं होतं. काका माझ्या आधी पोचले होते आणि एकटेच बाज दाराकडे ओढत होते. बाज वीतभर सरके आणि अडे. काकूंनी माझी लेक उचलून माझ्याकडे दिली. "घे आन जा पोरी. पिशवी घे."

मी लेकीला कडेवर घेतलं, खुंटीवरची पिशवी काढली. एक लेकरू, एक पिशवी. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, बरोबर तेवढंच. काकांनी मला थांबा म्हटलं नाही. बाज ओढता ओढता म्हणाले, "जल्दी निघा, बाई."

मी उंबऱ्यापर्यंत गेलेही. समोरून गुडघाभर पाणी तुडवत गयाबाई आल्या, मागे त्यांची सून आणि जाऊ. घंटा ऐकून शाळेतल्या पोरांना न्यायला म्हणून उतरल्या होत्या. आत डोकावून गयाबाईंनी कासोटा खोचला. "धरा गं."

"खांद्यावर न्हाई," काकू म्हणाल्या. अशा वेळीसुद्धा.

"खांद्यावर कशाला, वैनी? बाया कवा खांदा देतात का? बायांनी उचललं म्हंजे तुम्ही जित्याच हायेत."

काकूंनी बाजेच्या कडा घट्ट धरल्या. पण बाजेला कोपरे चार आणि बाया तीन. काकांना पुढे राहणं भाग होतं, पाण्याखालची वाट काठीनं चाचपायला दुसरं कुणी नव्हतं. चौथा कोपरा रिकामा होता.

मी लेकीला काकूंच्या मांडीवर ठेवलं. "धरा हिला घट्ट. आता उतरते म्हणून दाखवा." आणि पिशवी परत खुंटीला अडकवली, जणू संध्याकाळी येऊन घेणारच होते. मग चौथा कोपरा धरला.

ती वाट मला तुकड्यातुकड्यानं आठवते. हाताला रुतणारं लाकूड, मांडीपर्यंत आलेलं लाल पाणी, पुढे काकांची काठी आणि त्यांचं ओरडणं, "डावीकडं खड्डा! उजवीकडून या!" मध्येच गयाबाई धापा टाकत म्हणाल्या, "मुकादम, पाट्या बऱ्या होत्या हो." लेक रडत नव्हती. काकू तिला कसलंसं बडबडगीत म्हणून दाखवत होत्या आणि त्यांचे दात वाजत होते.

माळावर बाज टेकवली आणि थोड्याच वेळात बांध गेला. डाव्या अंगाला, ते म्हणाले होते तिथंच. आधी एक खांड पडली, मग मोठा आवाज झाला आणि पाणी गावावर आलं. धाब्याची मातीची घरं उभ्या उभ्या खाली बसली. आमचं घर कुठलं, हे बघता बघता कळेनासं झालं. माणूस एकही गेला नाही. हेडमास्तरांनी पोरं तीनदा मोजली. गयाबाईंच्या घरून चहा आला. सगळ्यांनी घेतला, पाटलांनीही. कुणाचा म्हणून कुणी विचारलं नाही.

 दहा मिनिटं मी त्या माणसाला दारात उभं ठेवलं होतं, माझ्याच लेकीची शपथ घालून. खालच्या गल्लीकडे पाहिलं की त्या दहा मिनिटांत तिथं कोण कोण असू शकलं असतं, एवढंच दिसत होतं. काका जवळ आले. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "बाई, तुमची पिशवी?"

"राहिली, काका. हात मोकळे नव्हते."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. बाजेच्या लाकडानं तळवे सोलले होते. "खोली द्यायची तवा मला बाज उचलणारा भाडेकरू पायजे होता," ते म्हणाले. "तुम्ही आल्ता लेकरू घेऊन. मी न्हाईच म्हणून राह्यलो होतो. हीच म्हणली, द्या, घरात लेकरू होईल." मग म्हणाले, "तुमच्या नावावर मी एक लेकरू आन एक पिशवी धरल्ती. बाजेला तुम्हाला धरलंच न्हवतं, बाई."

पाऊस चालूच होता. माझी लेक काकूंच्या पदरात झोपून गेली होती. काकूंनी बाजेवर जरा सरकून जागा केली.

"आता तरी बसा," त्या म्हणाल्या.

आणि ते बसले.